जोखीम खेळाची, बेपर्वाई दुसऱ्याची

५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधील कातोवित्से शहरात त्या देशाच्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीचा पहिला टप्पा संपत होता. शेवटचा पल्ला उताराचा होता. ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने दोन डच सायकलपटू अंतिम रेषेकडे झेपावत असताना डायलन ग्रोनेवेगेनने आपली सरळ रेघ सोडली, शेजारून पुढे येणारा फाबियो याकोब्सन कडेच्या कठड्यांकडे रेटला गेला आणि ज्या कठड्यांनी त्याला अडवून धरायचे ते कठडेच त्याच्यासकट उधळले गेले. याकोब्सनला काही काळ औषधे देऊन बेशुद्ध ठेवावे लागले; त्याचा चेहरा शस्त्रक्रियांनी पुन्हा उभा करावा लागला. ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली आणि ती योग्यच होती. परंतु भरधाव समाप्तीसाठी उताराचा रस्ता निवडला कोणी, आणि कठडे असे सुटे कसे झाले, हे प्रश्न त्या बंदीने सुटत नव्हते. त्या उताराविषयी सायकलपटू आधीच्या वर्षांतही तक्रार करीत होते. कठड्यांच्या नियमांची फेरतपासणी झाली ती एक जण जवळजवळ जिवाला मुकल्यानंतर.

या घटनेत मला सर्वांत बोलकी वाटते ती दोषाची वाटणी. ज्याची चूक चित्रफितीत स्पष्ट दिसली त्याला शिक्षा झाली. ज्यांचे निर्णय कागदावर झाले होते ते चर्चेच्या कडेला राहिले. आणि जखमीच्या वाट्याला ‘हा खेळच जोखमीचा’ हे वाक्य आले. जे व्यावसायिक शर्यतीत घडते तेच रोज सायकलने कामाला जाणाऱ्याच्या बाबतीतही घडते. तो रस्त्यावरून उचलला जात असतानाच पहिला प्रश्न येतो, हेल्मेट होते का? मग दुसरा, एवढ्या रहदारीतून सायकल कशाला काढली? मैदानावर पाय मोडलेल्या मुलाला घरचेच सांगतात की खेळायचे म्हटले की लागणारच. विचारणाऱ्यांच्या मनात काळजी असते, हे मी नाकारत नाही. पण या प्रश्नांच्या तळाशी एक गृहीतक दडलेले आहे: जो सायकलवर बसला किंवा मैदानात उतरला, त्याने पुढे जे काही होईल त्याला आधीच होकार दिला. हे गृहीतक चुकीचे आहे आणि जखमी माणसाच्या हक्काच्या आड सर्वांत आधी तेच येते, असे माझे ठाम मत आहे. खेळणारा खेळाची जोखीम पत्करतो. दुसऱ्याची बेपर्वाई तो पत्करत नाही.

कायद्यात या गृहीतकाला एक जुना आधार आहे. ज्याने स्वेच्छेने मान्यता दिली त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही, हे रोमन परंपरेतून आलेले सूत्र जगभरातील न्यायालयांत आजही उद्धृत होते. सूत्र वाईट नाही. प्रश्न असतो तो मान्यता नेमकी कशाला दिली याचा. न्यूयॉर्क शहरातील कोनी आयलंड येथील करमणूक उद्यानात एका सरकत्या पट्ट्यावर चढलेला तरुण पडला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. १९२९ साली त्याचा दावा फेटाळताना न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिले की, भित्र्यांनी घरी बसावे. हे वाक्य इतके गाजले की त्याच निकालातील आधीचे वाक्य लोक विसरले. खेळात भाग घेणारा माणूस त्या खेळात अंगभूत असलेले धोके स्वीकारतो, पण ते धोके उघड आणि अपरिहार्य असतील तेवढ्यापुरतेच, असे कार्डोझो यांनी तेथेच म्हटले होते. धोका नजरेआड असता किंवा काही खबरदारी घेतलीच असेल असे कोणालाही वाटावे इतका गंभीर असता, तर निकाल वेगळा लागला असता, हेही त्यांनी नोंदवले. उघड आणि अपरिहार्य, या दोन कसोट्या मला फार मोलाच्या वाटतात. तलवारबाजीत प्रतिस्पर्ध्याचा वार लागणे उघडही आहे आणि अपरिहार्यही. कुजलेल्या फळीचे प्रेक्षागृह कोसळणे यांपैकी काहीच नाही.

अंगभूत धोका म्हणजे काय हे समजून घ्यायला क्रिकेटमधील एक दुःखद प्रसंग पुरेसा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूजच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, उसळता चेंडू बसला आणि दोन दिवसांनी तो गेला. २०१६ मध्ये त्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी पूर्ण झाली, तेव्हा कोणाही व्यक्तीला दोषी धरण्यात आले नाही. गोलंदाजाने खेळाच्या नियमांत राहून चेंडू टाकला होता, फलंदाजाने तो मारायला जाताना अंदाज चुकवला होता. मला हा निष्कर्ष न्याय्य वाटतो. प्रत्येक जखमेमागे कोणीतरी गुन्हेगार शोधलाच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. मात्र दोषी कोणी नाही याचा अर्थ करण्यासारखे काही नाही असा होत नाही. २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजी खेळताना मानेचे संरक्षक बंधनकारक केले. एखादा धोका एकदा सर्वांसमोर उघडा पडला आणि त्यावर उपाय हाताशी आला की तो पूर्वीसारखा अपरिहार्य राहत नाही, आणि तेथून आयोजकांची जबाबदारी वाढते.

याच्या अगदी उलट टोकाची उदाहरणेही न्यायालयांसमोर आली आहेत. इंग्लंडमधील एका स्थानिक फुटबॉल सामन्यात एक खेळाडू तीन-चार यार्डांवरून घसरत आला, चेंडू निघून गेल्यावर, बुटाचे खिळे पुढे करून, जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर, आणि समोरच्याचा पाय मोडला. १९८५ साली अपील न्यायालयाने त्याला नुकसानभरपाईस जबाबदार धरले. नियम मोडला एवढ्यावरूनच निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, पण प्रतिस्पर्ध्याविषयी कसलीच पर्वा न करता केलेला वार खेळाच्या नावाखाली लपवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याहून पुढचे पाऊल पडले ते रग्बीच्या एका खटल्यात. १९९१ साली एकोणीस वर्षांखालील मुलांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या एकमेकींना भिडून पुन्हा पुन्हा कोसळत होत्या. त्या कशा भिडवायच्या याचा सुरक्षित क्रम नियमात होता, पण पंचांनी तो पाळायला लावला नाही. एका कोसळण्यात सतरा वर्षांच्या मुलाची मान मोडली. बचावात तेच जुने सूत्र पुढे आले की मुलगा स्वेच्छेने पुढच्या फळीत उभा राहिला होता. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने ते नाकारले. खेळात सहज घडणाऱ्या गोष्टींना त्याने संमती दिली होती. त्याच्या रक्षणासाठी असलेले नियम ज्याने राबवायचे त्याच्या कर्तव्यच्युतीला त्याने संमती दिली नव्हती. इतक्या नेमक्या शब्दांत हा फरक फार क्वचित मांडला गेला आहे.

आणि मुष्टियुद्ध? ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर ठोसे मारणे हेच उद्दिष्ट असते, तेथे तरी संमती सर्वव्यापी मानायची का? मायकल वॉटसन हा ब्रिटिश मुष्टियोद्धा सप्टेंबर १९९१ मध्ये ख्रिस यूबँकविरुद्धच्या लढतीत शेवटच्या फेरीत कोसळला. डॉक्टर त्याच्यापर्यंत पोहोचायला काही मिनिटे गेली. श्वास सुरळीत करून मेंदूला प्राणवायू मिळत ठेवण्याची सोय रिंगणाशेजारी नव्हती. मेंदूला मार लागल्यानंतरची ती मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. वॉटसनने ठोशांबद्दल दावा केलाच नाही. त्याने दावा केला तो खेळाचे नियमन करणाऱ्या मंडळावर, ठोशांनंतरच्या त्या मिनिटांबद्दल, आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने मंडळाची जबाबदारी कायम केली. धोका पत्करणाऱ्याला वाचवण्याची तयारी ठेवणे हे त्या धोक्यातून पैसा आणि प्रतिष्ठा मिळवणाऱ्यांचे काम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिक येथील जागतिक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत अठरा वर्षांची म्युरिएल फुरर ओल्या रस्त्यावर जंगलाच्या भागात पडली, बराच वेळ ती कोणाला सापडली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. तेव्हा स्पर्धक कोठे आहे हे सतत दाखवणारे साधे यंत्र प्रत्येकाजवळ का नव्हते, हा प्रश्न साऱ्या सायकलिंग जगाला पडला. तो नऊ-दहा वर्षे आधी पडायला हवा होता.

मैदान सोडून रस्त्यावर आलो की संमतीचा युक्तिवाद आणखी पोकळ होतो, कारण बहुसंख्य सायकलस्वार खेळत नसतातच. ते कामाला, शाळेला, बाजाराला निघालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात. त्यांत सायकलस्वारांचा वाटा ६ टक्के, म्हणजे सुमारे ७१ हजार, आणि २०१० ते २०२१ या काळात एकूण मृत्यू थोडे घटले असताना सायकलस्वारांचे मृत्यू जवळजवळ २० टक्क्यांनी वाढले. या प्रत्येकाने आपापल्या दारातून बाहेर पडताना मृत्यूची जोखीम मान्य केली होती, असे म्हणणे निर्दयपणाचे आहे.

रस्त्यावरचा एक नेहमीचा अपघात जवळून पाहू. कडेला गाड्या उभ्या आहेत. मागून मोटारी येत असल्याने सायकलस्वार त्या उभ्या गाड्यांना धरून चालला आहे, हँडल आणि गाड्यांचे आरसे यांच्यात हातभर अंतर. एका गाडीतील माणूस फोन खिशात टाकतो, उजव्या-डाव्या आरशात न पाहता दार उघडतो. दाराची कड हँडलच्या टोकाला लागते, पुढचे चाक कोनात वळते आणि सायकलस्वार दाराच्या आतल्या बाजूला नव्हे, रहदारीच्या बाजूला फेकला जातो. हे सारे एका सेकंदात होते. ब्रेक दाबायचा विचार मनात येईपर्यंत दार समोर आलेले असते. उतरणारा माणूस खरोखर ओशाळतो, ‘तुम्ही दिसलाच नाहीत’ असे म्हणतो, आणि हे वाक्य तो सफाई म्हणून देतो. खरे पाहता ते कबुलीचे वाक्य आहे. दाराजवळच्या हाताऐवजी लांबच्या हाताने दार उघडले तर खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये रुजलेली ही सवय जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या वाहतूक संहितेतही सांगितली आहे. त्याच वेळी त्या संहितेने स्पष्ट केले की जो अधिक इजा करू शकतो त्याच्यावर काळजीचा भार अधिक.

आता हेल्मेटकडे वळतो. मी स्वतः हेल्मेट घालतो आणि इतरांनीही घालावे असे मला वाटते. पण हेल्मेटकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्याच्या चाचणीवरून समजते. युरोपीय प्रमाणकानुसार सायकलचे हेल्मेट सपाट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. ते सुमारे दीड मीटर उंचीवरून पडण्याइतके, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटरचे आहे. सायकलवरून स्वतः घसरून डोके जमिनीवर आपटणे, या प्रसंगासाठी ही वस्तू घडवलेली आहे, आणि त्यात ती डोके वाचवते. दीड टन वजनाची मोटार ताशी पन्नासच्या वेगाने येऊन धडकणे हा प्रसंग त्या चाचणीत नाही. म्हणून हेल्मेट नव्हते एवढ्यावरून भरपाई कापण्याची विमा कंपन्यांची घाई मला अन्यायाची वाटते. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका मोटारसायकलस्वाराने धडक दिलेल्या, हेल्मेट नसलेल्या सायकलस्वाराच्या खटल्यात तत्त्व म्हणून हेल्मेट न घालणे हा जखमीचा दोष ठरू शकतो असे मानले, पण हेल्मेट असते तर जखम कमी झाली असती हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर टाकला, आणि ते सिद्ध न झाल्याने भरपाईतून काहीही वजा केले नाही. हीच रीत योग्य आहे. मोडलेल्या मांडीच्या भरपाईचा हेल्मेटशी काय संबंध, हे विचारायलाही आपण कचरतो, इतका तो प्रश्न अंगवळणी पडला आहे.

हेल्मेटसक्तीविषयी माझे मत पूर्वी वेगळे होते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये जगात प्रथम सर्वांना ती लागू केली. पण सियाटल ज्या किंग काउंटीत आहे तेथील आरोग्य मंडळाने २०२२ मध्ये आपला सक्तीचा नियम मागे घेतला, कारण दंडाच्या चिठ्ठ्या बेघर आणि अल्पसंख्य लोकांच्याच हाती अधिक पडत होत्या. सक्तीचा दुसरा परिणाम हळूहळू होतो: सुरक्षिततेचा सारा विचार जखमी होणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि रस्ता आखणारा, वेग ठरवणारा, गाडी चालवणारा मोकळा होतो.

धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी तीसवरून पन्नासवर गेलेली मोटार जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा घेऊन येते. ही ऊर्जा सायकलस्वाराने रस्त्यावर आणलेली नसते. ऑस्लो शहराने मध्यवर्ती भागातील वाहनतळ कमी केले, वेग उतरवले, सायकलींना वेगळी वाट दिली, आणि २०१९ साली तेथे एकही पादचारी वा सायकलस्वार अपघातात मेला नाही. जखमींचे हक्क कोणत्या पायावर उभे करायचे याचे उत्तरही मला या ऊर्जेच्या हिशेबात दिसते.

नेदरलँड्सच्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार मोटार आणि सायकल यांच्या अपघातात भरपाईची जबाबदारी मोटारीकडे येते. अपघात टाळणे आपल्या हाती मुळीच नव्हते असे दाखवता आले तरच ती टळते. न्यायालयांनी त्यात भर घातली की जखमी चौदा वर्षांखालील असेल तर भरपाई पूर्ण मिळावी, मुद्दाम किंवा जवळजवळ मुद्दाम ओढवून घेतलेला अपघात तेवढा सोडून. आणि चौदा व त्याहून मोठ्यांना, स्वतःची चूक असली तरी, किमान निम्मी. फ्रान्समध्ये जुलै १९८५ च्या कायद्याने मोटारवाहन न चालवणाऱ्या जखमीचा दोष त्याच्या शारीरिक इजेच्या भरपाईआड येऊ देणे बंद केले. अपवाद मुख्यतः अक्षम्य अशा चुकीचा, आणि तीही अपघाताचे एकमेव कारण असली तरच. सोळाखालील मुले, सत्तरीपुढील वृद्ध आणि गंभीर अपंगत्व असलेले यांना तर हा अपवादही लागू नाही.

या पद्धतीवरचा मोठा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सिग्नल तोडणारा, रात्री दिव्याशिवाय उलट्या दिशेने येणारा सायकलस्वारही असतो, आणि नियम पाळणाऱ्या चालकावर त्याचा भार टाकणे अन्यायाचे वाटते. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. चालकाला गुन्हेगार ठरवायचे असेल तर पुरावा पूर्ण हवा आणि तो फिर्याद पक्षानेच द्यायला हवा. त्यात तसूभरही ढिलाई नको. भरपाईचा प्रश्न वेगळा आहे. तेथे बहुधा पैसे चालकाच्या खिशातून जात नाहीत, सर्व चालकांनी मिळून भरलेल्या सक्तीच्या विम्यातून जातात. दुसऱ्या बाजूला एक माणूस रुग्णालयात पडलेला असतो, पुष्कळदा डोक्याला मार बसल्याने त्याला अपघात आठवतही नसतो, आणि पुरावा गोळा करण्याच्या क्षणी तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो. अशा माणसाला ‘आधी सिद्ध करा’ म्हणणे म्हणजे हक्क देऊन तो बजावण्याचा रस्ता बंद करणे. शंका दोन्हीकडे सारखी असेल तेव्हा तिचा तोटा कोणाला सोसू द्यायचा, एवढाच हा प्रश्न आहे, आणि ज्याच्याजवळ लोखंडी कवच आणि विमा दोन्ही आहे त्याने तो सोसावा, हे मला न्यायाचे वाटते.

ज्या अपघातांत दुसरे वाहनच नसते त्यांची तर नोंदही नीट होत नाही. खड्डा, रुळांची खाच, झाकण नसलेले भोक, वळणावर सांडलेली बारीक खडी. सायकलस्वार पडतो, उठतो किंवा उचलला जातो आणि रुग्णालयाच्या कागदावर ‘सायकलवरून पडून’ एवढेच लिहिले जाते. कशामुळे पडला ते त्या कागदावर येत नाही, म्हणून पुढे कुठेच येत नाही. रस्ता दुरुस्त न करणे ही केवळ निष्क्रियता आहे आणि निष्क्रियतेबद्दल रस्ता राखणाऱ्या संस्थेवर दावा चालत नाही, असे इंग्लिश परंपरेच्या देशांत दीर्घकाळ मानले जाई. इंग्लंडने हे कवच १९६१ च्या कायद्याने काढून घेतले; आता तपासणी आणि देखभाल पुरेशी केली होती हे संस्थेने दाखवायचे असते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पीठाने २००१ मध्ये ते मोडले, पण तेथील राज्यांनी लगोलग कायदे करून त्यातील बराच भाग परत आणला. पैशाची चणचण हे कारण मी समजू शकतो. मात्र खड्डा कळवला गेल्यावर महिनोन्‌महिने तो तसाच ठेवण्याला चणचण म्हणत नाहीत.

शर्यत, शिबिर, व्यायामशाळा, गिर्यारोहण, सर्वत्र प्रवेशापूर्वी एक कागद पुढे येतो: मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे, कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार राहणार नाहीत. रांग मागे वाढत असते, छाती-पाठीवर लावायचा क्रमांक त्या सहीनंतरच मिळतो, आणि कोणीही तो वाचत नाही. या सहीने सारे संपले असे जखमी माणूस समजतो आणि चौकशीदेखील करत नाही. त्या कागदाचा खरा उपयोग हाच आहे. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यापासून व्यवसाय करणाऱ्याला आपल्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी करारातील कलमाने किंवा फलक लावून टाळता येत नाही. कॅलिफोर्नियात अशा कागदाला बरेच वजन आहे, तरी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, उन्हाळी शिबिरात पोहताना बुडालेल्या एका अपंग मुलीच्या प्रकरणात, घोर निष्काळजीपणा अशा सहीने माफ होत नाही असे ठरवले. देशागणिक कायदा बदलतो. सही केली असली तरी जाणकाराला तो कागद दाखवल्याशिवाय हक्क सोडून देऊ नये, एवढे मात्र सर्वत्र लागू आहे.

हक्क हातचा जाण्याचे दुसरे कारण शरीराच्या स्वभावातच आहे: सगळ्या जखमा पहिल्या दिवशी दिसत नाहीत. पडताना माणूस तळहात पुढे करतो आणि मनगटातील होडीच्या आकाराचे छोटे हाड तडकते. पहिल्या एक्स-रेमध्ये ती तड पुष्कळदा दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. त्या हाडाचा रक्तपुरवठा मुळात तोकडा असतो, त्यामुळे उपचार चुकला तर हाडाचा तुकडा मृत होऊन मनगट कायमचे दुखरे राहते. लहान मूल सायकलवरून पडते आणि हँडलचे टोक पोटात रुतते. बाहेर दिसतो तो नाण्याएवढा गोल वळ, आत स्वादुपिंड किंवा आतडे फाटलेले असू शकते आणि मूल तासाभराने पुन्हा खेळू लागल्यासारखे वाटते. डोक्याच्या माराचे तर विचारायलाच नको. २०१७ च्या कॅलिफोर्नियातील शर्यतीत टॉम्स स्कुयिन्श हा लाटव्हियाचा सायकलपटू पडून उठला, भेलकांडत भर रस्त्यात आला, मागून येणारे सायकलपटू त्याला जेमतेम चुकवून गेले, आणि तरीही त्याला पुन्हा सायकलवर बसू दिले गेले. थोड्या वेळाने संघाने त्याला थांबवले. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये रोमाँ बार्दे पडल्यानंतरही टप्पा पुरा करून आला आणि मग तपासणीत मेंदूला धक्का बसल्याचे कळले. सराव असलेल्या पथकांना जे दिसत नाही ते घाबरलेल्या आईवडिलांना किंवा अपघातस्थळी जमलेल्या घोळक्याला कसे दिसावे?

नेमके याच दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव येतो. रक्कम थोडी असते पण हातात रोख, आणि खाली एक ओळ की यापुढे या अपघाताबाबत कोणताही दावा राहणार नाही. मनगटाचा दुसरा एक्स-रे व्हायच्या आधी त्या ओळीखाली सही करणे म्हणजे न पाहिलेली जखम विकणे आहे. जखमीची प्रकृती स्थिर होईपर्यंत असा करार बंधनकारक ठरू नये, आणि ठरावीक मुदतीत तो मागे घेता यावा, अशी कायदेशीर तरतूद सर्वत्र असावी असे मला वाटते. वेळेची अडचण उलट बाजूनेही असते. दावा दाखल करायला कुठे तीन वर्षे मिळतात, कुठे अवघे सहा महिने, आणि ती मुदत वेदनेची वाट पाहत नाही. म्हणून अपघातानंतर सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नये, फुटलेले हेल्मेट फेकू नये, फाटके कपडे धुऊ नयेत. वाकलेला दांडा आणि हेल्मेटवरची भेग धडक कोणत्या बाजूने आली हे साक्षीदारापेक्षा अधिक खरेपणाने सांगते.

दोष कोणाचा हा प्रश्नच बाजूला ठेवता येईल का? न्यूझीलंडने ते करून पाहिले. १९६७ च्या वुडहाऊस आयोगाच्या शिफारशींवरून १९७४ पासून तेथे अपघातात जखमी झालेल्या प्रत्येकाला, मग तो मोटारीखाली आलेला असो, मैदानावर पडलेला असो की घरात घसरलेला, सार्वजनिक निधीतून उपचार आणि बुडालेल्या उत्पन्नाचा मोठा भाग मिळतो. बदल्यात इजेच्या भरपाईसाठी दावा करण्याचा हक्क त्याला सोडावा लागतो. खटल्यांत खर्ची पडणारी वर्षे वाचतात आणि एकट्याने पडलेला सायकलस्वारही उपेक्षित राहत नाही, म्हणून मला ही व्यवस्था मनापासून आवडते. तरीही ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. कातोवित्सेचा उतार निवडणाऱ्याला, रग्बीच्या त्या पंचाला, खड्डा माहीत असून न बुजवणाऱ्याला उत्तर द्यायला बोलावणारी एखादी जागा लागते. निधीतून धनादेश गेला की ती जागा उरत नाही. उपचार आणि निर्वाह दोषाची वाट न पाहता मिळावेत, आणि दोषाची चौकशी त्यांच्यापासून वेगळी पण सक्तीची असावी, अशी जोडी मला हवी आहे.

या जोडीला विम्याचा आधार नसेल तर ती कागदावरच राहील. मायकल वॉटसन खटला जिंकला, पण नियामक मंडळाकडे अशा दाव्याचा विमा नव्हता. मंडळ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि २००१ मध्ये वॉटसनला ४ लाख पौंडांवर तडजोड करावी लागली. आयुष्यभराच्या शुश्रूषेच्या हिशेबात ही रक्कम फार थोडी होती. ज्याला पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका होती तो वॉटसन २००३ साली लंडनची मॅरेथॉन सहा दिवस चालून पूर्ण करू शकला. मोटार रस्त्यावर आणायची तर विमा आधी दाखवावा लागतो, असा नियम जगातील बहुतेक देशांनी केला आहे. शेकडो माणसांना उतारावर, पाण्यात किंवा रिंगणात उतरवणाऱ्या आयोजकाकडून मात्र फार थोड्या ठिकाणी तो मागितला जातो. स्पर्धेला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने विम्याचा दाखला, रुग्णवाहिकेची व्यवस्था आणि मार्गाच्या पाहणीचा अहवाल हे तीन कागद अर्जासोबतच मागावेत, आणि सहभागींनी प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी ते पाहायला मागावेत.